स्टाफरूममधला अदृश्य उजेड

चित्रकलेच्या खोलीच्या माजी मालकीणबाई, निवृत्तीमुळे पूज्य झालेल्या, माझ्याहून वयाने अडीच आणि धीराने अडीचशे वर्षांनी मोठ्या रंगूबाई यांस,

तुझ्या नळीचा एका हाताने नमस्कार. दुसऱ्या हाताने कागद दाबून धरलाय, कारण तो थरथरतोय. (म्हणजे हात थरथरतोय, कागद बिचारा त्याच्याबरोबर.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की खुर्चीत बसून व्यायामाचा कागद नुसता वाचतेस? भाऊसाहेबांचा खोकला थांबला का? गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांच्याकडे दिलंस असं ऐकलं. कुंड्यांची काळजी वाटते. मी ठीक आहे. आठवड्यात दोन किलो वजन उतरलं, आणि त्यासाठी व्यायाम करावा लागला नाही, पथ्य पाळावं लागलं नाही. नुसती भीती पुरली.

पत्र का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोन सध्या आमच्याकडे टॉवेलात गुंडाळून कपाटात चादरींखाली ठेवलाय. का, ते पुढे येईलच. हे पत्र मी जुन्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून. (मागे 'खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा' असं छापलेलं दिसेल. ते तुझ्यासाठी नाही.)

तर झालं असं. शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या हुकूम कसा देतात ते तुला माहीत आहे. इतर शाळांचे मुख्याध्यापक चिडले की आवाज चढवतात, आपल्या बाई उतरवतात. आवाज जितका खाली, तितकं संकट मोठं. म्हणून तर आपण त्यांना मागे 'शांतता' म्हणतो. त्या दिवशी त्या इतक्या हळू बोलल्या की मला फक्त 'नववी' आणि 'अदृश्य' एवढे दोनच शब्द ऐकू आले. परत विचारायची माझी काय छाती! मी 'हो बाई' म्हणून उलट्या पावलांनी बाहेर आले आणि दाराच्या कडीत कोपर अडकवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर वाचलं तेव्हा कळलं की मी कशाला 'हो' म्हटलंय: इयत्ता नववी, प्रकल्प, अवरक्त किरण दृश्य करून दाखवणे. रंगू, मला तो शब्दच मुळात आवडत नाही. अवरक्त. विज्ञानात तांबड्याच्या खालचा असा निरुपद्रवी अर्थ आहे, मी स्वतः सव्वीस वर्षं तो फळ्यावर लिहितेय, पण दर वेळी मधलं 'रक्त' दिसतं आणि खडू मोडतो.

आता मी कसली शास्त्राची बाई, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! पहिल्याच वर्षी माझ्या हातात दोन परीक्षानळ्या इतक्या किणकिणल्या की वर्गाला वाटलं मधली सुट्टी झाली, आणि तुम्ही माझं नाव नळी ठेवलंत. अजून मी काडी ओढताना डोळे मिटते. अशा बाईला डोळ्यांना न दिसणारी वस्तू शोधून आणायला सांगायचं म्हणजे काय! पण पुस्तकात एक सोपा प्रयोग निघाला. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला जो बारका दिवा असतो, तो आपल्याला कधी पेटलेला दिसत नाही, कारण त्याचा उजेड अवरक्त. पण तोच फोनच्या कॅमेऱ्यातून बघितला, तर बटण दाबल्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. मी नववीला तो करून दाखवला. नववीने जांभई दिली. आम्ही हे घरी करतो म्हणाले. त्यांना मोठं काहीतरी हवं होतं.

मग मी संगणकाच्या सरांकडे गेले. (हे तुझ्यानंतर आले. सडसडीत आहेत, वरच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर, आणि साधं 'चहा झाला का' सुद्धा असं बोलतात की वाटावं, एखादं गुपित फुटतंय.) त्यांनी संगणकाला लावायचा एक जुना कॅमेरा उघडला. आतून शर्टाच्या लहान बटणाएवढी, तिरकी धरली की लालसर चमकणारी काच चिमट्याने काढली आणि म्हणाले, ही काच म्हणजे पहारेकरी, अवरक्त फारसं आत येऊ देत नाही. पहारेकऱ्याला घरी पाठवलं आणि त्याच्या जागी जुन्या फोटोच्या निगेटिव्हचं ते टोकाचं काळंभोर असतं ना, त्याचा तुकडा बसवला. त्यातून आपला नेहमीचा उजेड जात नाही, अवरक्त मात्र आरपार जातो. झालं. अर्ध्या तासात डोळ्यांना न दिसणारं जग लॅपटॉपच्या पडद्यावर.

आणि काय ते जग! आम्ही कॅमेरा घेऊन मैदानात उभे राहिलो. कुंपणाची हिरवी झाडं पडद्यावर पांढरीफटक, पिठात बुचकळून काढल्यासारखी. आभाळ काळं. गणिताचे सर काळी पँट आणि काळी छत्री घेऊन फाटकातून आले, ते पडद्यावर पांढरी पँट आणि पांढरट छत्री घेऊन आले. बाटलीतलं काळं सरबत पाण्यासारखं नितळ. नववी आनंदाने वेडी झाली. मला मात्र माणसांचे चेहरे बघवेनात, ग. कातडी मेणासारखी, सुरकुत्या गायब, आणि डोळ्यांच्या जागी नुसते गडद डाग. मी स्वतःला बघितलं आणि पटकन 'मी अजून आहे ना' असं संगणकाच्या सरांना विचारलं. त्यात खेळाचे सर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून मुलांच्या कवायतीवर लक्ष ठेवत होते. तो चष्मा अवरक्ताला काळा नसतोच. पडद्यावर तो साध्या काचेसारखा झाला आणि त्यामागे सरांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. सगळा वर्ग बघत होता. इतकी वर्षं मी त्यांच्या त्या नजरेला टरकून होते.

इथवर ठीक होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी हौसेने तो कॅमेरा स्टाफरूममध्ये आणला. तुझ्या वेळची खोली तशीच आहे. खिडकीला कपाटं टेकलेली, दोनातली एक ट्यूब गेलेली. अशा उजेडात अवरक्त जवळजवळ नसतं म्हणे, त्यामुळे पडद्यावर खोली अंधारी, माणसं नुसत्या सावल्या. मी कॅमेरा गोल फिरवला. टेबल, सावली, सावली, कपाट. आणि कपाटाच्या वर, छताच्या कोपऱ्यात, सहा दिवे! पेटलेले! चकचकीत, ओळीने, माझ्याकडे रोखून बघणारे. मी पडद्यावरून मान वर काढली. कोपऱ्यात काही नाही. म्हणजे ती साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी आहे ना, दोन वर्षांपूर्वी सुट्टीत रंगकाम झालं तेव्हापासूनची, ती आग लागली की ओरडणारी असं आपण समजत होतो. ती तिथेच, शांत, मठ्ठ. परत पडद्यावर बघितलं. सहा दिवे.

मी संगणकाच्या सरांची बाही ओढली. त्यांनी बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्याकडे खरंच गुपित होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज साफ बसला. ते म्हणाले, हा अंधारात बघणारा कॅमेरा आहे, खोलीत उजेड कमी म्हणून तो आपले दिवे लावून बघतोय, आणि या जातीचे कॅमेरे बहुतेक आवाजही घेतात. गणिताचे सर म्हणाले, तरीच आपला ट्यूब बदलायचा अर्ज दोन वर्षं मंजूर होत नाही.

रंगू, तुझ्या हातून पेला पडला असेल आत्ता. दोन वर्षं! म्हणजे तुझं शेवटचं वर्षही त्यात आलं. त्या खोलीत आपण काय काय बोललो ते आठव. आणि गुरुवार आठव. दर गुरुवारी मीटिंग संपली, मोठ्या बाईंची पावलं लांब गेली, की दार लोटून त्यांची जी हुबेहूब नक्कल व्हायची (कोण करायचं हे तुला सांगायला नको), तो चष्मा नाकावर खाली ओढणं, ती मान तिरकी करणं, ते प्रत्येक वाक्याआधी थांबणं, आणि मग सगळ्या खोलीने पोट धरून, टेबलं बडवून हसणं. हे सगळं वरून कुणीतरी बघत होतं. माझ्या नोकरीची दोन वर्षं उरलीत, ग. आता या वयात मला कोण शाळेत घेणार, आणि माझ्या नळ्यांचा आवाज कोण ऐकून घेणार?

मंगळवारपासून आपली स्टाफरूम ओळखू आली नसती तुला. सगळे ताठ बसलेले. खेळाच्या सरांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे इतके सताड उघडे ठेवले की त्यांना पाणी यायला लागलं. गणिताचे सर एरवी वह्यांचा गठ्ठा उशी म्हणून वापरतात, ते वह्या तपासायला लागले, आणि तपासायच्या संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी भीतीने आणखी एक पायरी गाठली आणि स्तुती सुरू झाली. खेळाचे सर मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना, कोपऱ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मोठ्या बाईंची शिस्त म्हणजे काय! असं नेतृत्व मिळायला भाग्य लागतं!" गणिताचे सर लगेच त्याहून मोठ्याने म्हणाले, "आणि आवाज किती गोड!" मग माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. माझी पाळी होती. मी म्हणाले, त्यांच्या चपला नेहमी स्वच्छ असतात. (हसू नकोस. तू असतीस तर काय म्हणाली असतीस?)

घरी येऊन मी फोनच्या कॅमेऱ्यातून घर बघायला लागले. आमचे हे टीव्ही बघत होते, त्यांच्या हातातला रिमोट लुकलुकला. शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटीत दोन ठिपके जळत होते. म्हणजे आम्ही जिना चढताना धापा टाकतो ते त्यांना दिसतं. मग मी यांच्या फोनमधून माझा फोन बघितला, आणि काय सांगू, माझ्याच फोनच्या डोक्यावर, मी कानाला लावते तिथे, एक ठिपका लुकलुकत होता! हे म्हणाले, फोन कानाला लावला की पडदा विझवायला तो दिवा असतो, प्रत्येक फोनला असतो. मी म्हणाले, असेल, पण मला न सांगता का असतो? त्या क्षणी फोन टॉवेलात गेला. यांनी मला सल्ला दिला की गप्प बसावं, काही बोलू नये. मी म्हणाले, अहो, बोलायचं ते दोन वर्षांत बोलून झालंय.

गुरुवारी मीटिंग झाली. मीटिंगभर मोठ्या बाई एक अक्षरही वावगं बोलल्या नाहीत आणि तेच जास्त भयंकर होतं. मला वाटलं, पुरावा गोळा करतायत. मीटिंग संपली, त्यांची पावलं लांब गेली, आणि आम्ही सहा जण खोलीत मूग गिळून बसलो. कुणी हसलं नाही.

शुक्रवारी संगणकाच्या सरांनी योजना मांडली (लिहून, कागदावर, कागद टेबलाखाली धरून). डबीच्या बरोबर खाली, भिंतीला चिकटून जी जागा आहे ती डबीला दिसत नाही. कुणीतरी भिंतीच्या कडेने जमिनीवरून सरपटत तिथवर जायचं आणि काठीला लावलेला जगाचा नकाशा खालून वर सरकवून डबीसमोर अडकवायचा. नकाशा अडकवला म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही. सरपटायला सगळ्यात लहान चणीचं माणूस हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेने नाही म्हणाले, पण माझी मान भीतीने आधीच हलत असल्यामुळे त्यांना ते हो वाटलं.

तर मी, छपन्न वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू असलेली शास्त्राची बाई, गुंडाळलेलं जग काखेत धरून गुडघ्यांवर निघाले. आवाज झाकायला खेळाचे सर आणि गणिताचे सर वर मोठमोठ्याने स्तुती करत होते. मी पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचले आणि शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. काय हरवलं, बाई? मी म्हणाले, कानातलं. मामा सज्जन माणूस, ट्रे ठेवला आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर आले. ते भलत्याच बाजूला, डबीला दिसतील असे सरकायला लागले म्हणून त्यांना अडवायला संगणकाचे सरही खाली आले. तिघंही कपाटाखाली डोकं घालून आहोत, वरून 'असं नेतृत्व' चालू आहे, आणि एकदम ते थांबलं. मी मान वळवली. दारात दोन चपला. अतिशय स्वच्छ.

"नळीबाई," मोठ्या बाई म्हणाल्या (त्यांना माझं हे नाव माहीत आहे हे मला तेव्हाच कळलं आणि उरलासुरला जीव गेला), "जरा माझ्या खोलीत येता?"

इतक्या हळू, रंगू, इतक्या हळू!

त्यांच्या खोलीपर्यंतचा तो व्हरांडा मी सव्वीस वर्षं चालतेय, पण त्या दिवशी तो वाढवलेला होता. आत जाऊन बसले. त्यांनी टेबलाचा खण उघडला. माझी खात्री झाली की आता त्यातून दोन वर्षांचे गुरुवार बाहेर निघणार. आणि मला ते बघवलं नसतं. मी म्हणाले, बाई, थांबा, मीच सांगते. आणि सुटले. सगळं सांगितलं. 'शांतता' सांगितलं. नक्कल सांगितली, चष्म्यासकट आणि तिरक्या मानेसकट. खेळाच्या सरांचे मिटलेले डोळे सांगितले, गणिताच्या सरांची उशी सांगितली. एवढ्यावर थांबावं की नाही! पण एकदा बांध फुटल्यावर मला आवरेना. जे कुठल्याही कॅमेऱ्याला दिसणं शक्य नव्हतं तेही सांगितलं. तपासणीच्या वर्षी 'दुर्मिळ वनस्पती' म्हणून मांडलेली पानं आमच्या कुंपणाची होती. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचा डावा पंजा माझ्या हातून मोडला आणि म्हणून त्याला गेली नऊ वर्षं हातमोजा आहे. शेवटी श्वास संपला म्हणून गप्प झाले.

मोठ्या बाईंच्या हातात खणातून काढलेला कागद होता. प्रदर्शनात कुठल्या वर्गाला विजेचे किती प्लग लागतील त्याची यादी. तेवढंच विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं.

"सांगाड्याला थंडी वाजते म्हणून हातमोजा घातलाय, असं तुम्ही मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तो विनोद समजले."

मग त्यांनी मला पाणी दिलं. मी पेला दातांवर वाजवत प्यायले. त्या उठल्या, फायलींच्या कपाटामागे हात घालून एक खोकं ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. छोट्या टीव्हीचं असतं तसलं खोकं, त्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. वर दोन वर्षांची धूळ. आणि कपाटामागून एक वायर आली होती, तिचं टोक नीट वेटोळं करून रबरबँड लावून जमिनीवर ठेवलं होतं. कशालाही न जोडलेलं.

त्या सांगायला लागल्या. ती डबी संस्थेच्या लोकांनी रंगकामाच्या सुट्टीत लावून घेतली. बाईंना म्हणाले, हा पडदा जोडा, तुम्हाला इथे बसून सगळं दिसेल आणि ऐकू येईल. बाई बरं म्हणाल्या. जोडला मात्र नाही. ते विचारतात तेव्हा बाई सांगतात, सगळं उत्तम चाललंय. मी विचारलं, का नाही जोडला? तर म्हणाल्या, "भीती वाटली. तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता ते ऐकू आलं असतं ना."

मी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

मग त्या आणखी म्हणाल्या, गुरुवारी मीटिंगनंतर तुमच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, नुसतं हसणं. मी माझं दार थोडं उघडं ठेवून बसते. कशाला हसता ते माहीत नव्हतं, पण माझ्या शाळेत कुणीतरी हसतंय हे बरं वाटायचं. या आठवड्यात तुमच्या खोलीतून आवाजच नाही. काल गुरुवार असून नाही. मला वाटलं, तुम्ही सगळे मिळून शाळा सोडून जाताय. आज न राहवून बघायला आले, तर व्हरांड्यात ऐकू आलं, की तुम्ही माझी स्तुती करताय. तेव्हा मात्र खात्रीच झाली.

तिथे आम्ही दोघी बसलो होतो, ग, टेबलाच्या दोन बाजूंना. एक त्या डबीला घाबरून, दुसरी त्या डबीत काय सापडेल याला घाबरून. आणि डबी बिचारी दोन वर्षं कुणालाही काहीही न सांगता सहा दिवे लावून बसलेली.

खोकं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "नक्कल कोण करतं?"

मी नाव सांगितलं. (कुठलं ते खाली लिहीन. आता बोटं दुखायला लागलीत.)

काल शनिवारी त्यांच्याच सांगण्यावरून संगणकाच्या सरांनी डबी काढली. ती फुकट गेलेली नाही. तिचे सहा दिवे नववीच्या प्रकल्पात बसवलेत. वर्गाच्या कोपऱ्यात काळ्या कापडाचा अंधारा तंबू केलाय, आत बोटही दिसत नाही, पण डबीचे दिवे आणि आपला कॅमेरा लावला की बाहेर पडद्यावर आतला माणूस लख्ख दिसतो. पहिला माणूस म्हणून मोठ्या बाई स्वतः आत जाऊन उभ्या राहिल्या. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी अंधारात केस सारखे केले आणि थोडं हसून बघितलं. रंगू, सव्वीस वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. मी पटकन पडद्यासमोर उभी राहिले, नववीला दिसू नये म्हणून. स्टाफरूमला नवी ट्यूब मिळाली. सांगाड्याला नवा पंजा मागवलाय.

भाऊसाहेबांना नमस्कार सांग, आणि गुडघ्याला जप, कारण तो लवकरच लागणार आहे.

तुझीच, अजून पूर्ण न सावरलेली,
नळी

ता. क. मी मोठ्या बाईंना सांगितलेलं नाव तुझं होतं. रागावू नकोस. त्या क्षणी मला माझं नाव आठवेना. तू निवृत्त, तुला कोण काढणार, असं डोक्यात आलं आणि तोंडातून तूच बाहेर पडलीस. त्या म्हणाल्या, पण त्या तर गेल्या वर्षीच गेल्या, मग यंदाचं हसणं? मी म्हणाले, आम्ही दर गुरुवारी त्यांची आठवण काढून हसतो. त्यांना ते फार भावलं. डोळे पुसले त्यांनी.

ता. क. २. त्या रागावलेल्या नाहीत. त्यांना ती नक्कल बघायची आहे. येत्या शनिवारी प्रदर्शन संपलं की स्टाफरूममध्ये, फक्त आपल्या माणसांसमोर. म्हणाल्या, मी दिसते कशी, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही, घरीही विचारायला कुणी नाही. निमंत्रणाचं पत्र त्या स्वतः तुला पाठवतायत. नाही म्हणू नकोस, मी तुझ्या वतीने हो म्हटलंय.

ता. क. ३. तुला नक्कल येत नाही हे मला माहीत आहे. गेली सगळी वर्षं तू फक्त दार धरून उभी राहायचीस आणि सगळ्यात मोठ्याने हसायचीस. म्हणून गुरुवारीच इकडे ये, दोन दिवस आमच्याकडे राहा, मी शिकवते. अवघड नाही. चष्मा नाकाच्या टोकाला, मान डावीकडे, आणि बोलण्याआधी मनातल्या मनात चार अंक मोजायचे. आवाज खाली, पण चिडून खाली नव्हे. मी इतकी वर्षं तो चिडका करत आले, ते चुकलं. समोरच्याला आपण नकोसे झालो असू, अशी धास्ती घेऊन बोलायचं, मग आपोआप बरोबर लागतो. आणि रंगू, टाळाटाळ करून कशीतरी उरकू नकोस. वाईट केलीस तर त्या घरी जाऊन तेच खरं धरून बसतील.